काष्टीचा काळा गुलाब

दिवाळी अंकासाठी संपादकांचा तगादा सुरू झाला, की आमच्या घरातली माणसे मला विषय पुरवू लागतात. यंदा तो मान आमच्या नातीने पटकावला. ती पाचवीत आहे. तिने आईच्या मोबाईलवरून कुठल्याशा दुकानातून 'काळ्या गुलाबाचे बी' मागविले. पाकिटावरच्या चित्रातला गुलाब इतका काळा होता, की कोळशाच्या वखारवाल्याने हेवा करावा! किंमत नव्व्याण्णव रुपये, बिया वीस. श्रावणात मोठ्या थाटाने कुंडीत पेरणी झाली. आठवड्याभरात दोन अंकुर वर आले. घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले. आणि महिन्याभरात त्या दोन्ही रोपांनी आपली खरी जात दाखविली. तो तांबडा माठ होता! आमच्या सौ.ने त्याची भाजी केली. नात आधी रडली, मग भाजी-पोळी खाल्ली आणि शेवटी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आजोबा, काळा गुलाब खरंच असतो का हो?"

हाच प्रश्न वाचकांच्या पत्रांतूनही मला अधूनमधून येत असतो. त्याचे उत्तर एका शब्दात देता येते. नाही! काळा गुलाब नसतो. पण हे उत्तर देताना माझी जीभ थोडी अडखळते. कारण एकदा, आयुष्यात एकदाच, मी काळा गुलाब पाहिला आहे. तोही पुण्या-मुंबईच्या एखाद्या श्रीमंत बागेत नव्हे, तर काष्टीला, माझ्या आत्याच्या परसात.

काष्टी हे श्रीगोंदे तालुक्यातले गाव. तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, २०२४ पासूनचा अहिल्यानगर. दौंडहून मनमाडकडे निघालेली गाडी भीमेचा पूल ओलांडते आणि थोड्याच वेळात काष्टीचे लहानसे स्टेशन येते. हा लोहमार्ग १८७८ चा. पण गावाची ख्याती स्टेशनामुळे नाही, ती शनिवारच्या जनावरांच्या बाजारामुळे. बैल, गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या! शनिवारी या गावात माणसे जास्त की जनावरे, हे सांगणे कठीण. पाऊस बेताचा, उन्हाळा कडक, आणि थंडीतल्या पहाटे मात्र हातपाय आखडून जावेत असा गारवा. कालव्याचे पाणी पोचते तिथे ऊस, नाही तिथे ज्वारी. गुलाबाचा आणि या मुलुखाचा काही संबंध असेल, असे पाहणाऱ्याला वाटू नये.

आत्याचे यजमान तिथल्या शाळेत मास्तर होते. १९६२ साली ते अचानक गेले. आत्या तेव्हा एकतीस वर्षांची. मूलबाळ नव्हते. माझ्या वडिलांनी तिला पुण्याला चल म्हणून पुष्कळ विनविले. "माझं घर इथं आहे," एवढेच बोलून ती तिथेच राहिली. शिवणयंत्र घेतले आणि गावातल्या मुलींची पोलकी-परकर शिवू लागली. गाव तिला शेवटपर्यंत 'मास्तरीणबाई' म्हणत असे.

तिच्या दोन खोल्यांमागे लहानसे परस होते. आपल्याकडे गावच्या जमिनीचे 'काळी' आणि 'पांढरी' असे दोन भाग पूर्वापार मानतात. काळी म्हणजे शेताची, पांढरी म्हणजे वस्तीची. आत्याचे घर अर्थातच पांढरीत. तिने कुणाकुणाच्या शेतातून काळी माती पाट्यांनी आणवून परसात भरली, तिच्यात भीमेची वाळू आणि शनिवारच्या बाजारात मिळेल तेवढे लेंडीखत मिसळले आणि तुळस, जास्वंद, मोगरा, आणि गावठी गुलाबाची चार झाडे लावली. गुलाबी रंगाचा, घमघमाट करणारा, सकाळी उमलून दुपारी पाकळ्या टाकणारा आपला साधा गावठी गुलाब. शाळेत जाणाऱ्या मुली कुंपणाशी थांबत. "मास्तरीणबाई, फूल द्या ना!" आत्या फूल खुडून प्रत्येकीच्या वेणीत स्वतःच्या हाताने खोचून देई.

स्वतः मात्र मास्तर गेल्यापासून तिने एकदाही फूल माळले नव्हते. तिला तसे कुणी बजावले होते असे नाही. बजावण्याची गरजच पडू नये, असा तो काळ होता. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारणी तिला बोलावीत नसत आणि ती त्याबद्दल रागावतही नसे. दुसऱ्या दिवशी कुणा पोराच्या हाती तिळगुळाची पुरचुंडी येई. ती आत्या हसून घेई.

१९७५ च्या जानेवारीत मी पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधले फुलांचे प्रदर्शन पाहिले. नुकताच नोकरीला लागलो होतो, शंभराच्या नोटेचा खिशाला स्पर्श नवा होता, आणि जे दिसेल त्याने हरखून जायचे ते वय होते. तिथे एका बाटलीत एकच गुलाब ठेवला होता. इतका गर्द, की पाकळ्यांच्या घडीत तो काळाच दिसत होता. जणू मखमलीचा कशिदा! चिठ्ठीवर नाव होते 'पापा मेयाँ'. आमच्या जिभेवर त्याचे लगेच 'पापा मिलांड' झाले.

पुढच्या शनिवारी काष्टीला गेलो आणि आत्याला ते सारे रंगवून सांगितले. ती यंत्रावर बसली होती. पाय न थांबविता तिने विचारले, "काळा? लाल नाही ना?"

"काळाच म्हण ना!"

"मग तो मला चालेल की रे," ती म्हणाली, "काळ्याला कोण नावं ठेवणार?"

ती हसली. मीही हसलो. पण परतीच्या गाडीत दौंड येईपर्यंत मला दुसरे काही सुचेना. बारा-तेरा वर्षांत तिने 'मला हवे' असे कशालाही म्हटलेले मी ऐकले नव्हते.

त्या पावसाळ्यात मी एका रोपवाटिकेतून गुलाबाचे कलम घेतले. मालकाने छातीवर हात ठेवून सांगितले, "साहेब, शाईसारखा काळा येतो की नाही बघा!" कलम मांडीवर घेऊन पॅसेंजरने काष्टी गाठली. दिवाळीत त्याला पहिले फूल आले. ते शेंदरासारखे लाल होते! आत्याने ते निरखून पाहिले, आणि काहीही न बोलता खुडून शेजारच्या पोराच्या हाती देत म्हणाली, "जा, मारुतीला वाहून ये. त्याच्याच रंगाचं आहे."

तेव्हापासून मी काळ्या गुलाबाच्या मागे लागलो. डॉ. बी. पी. पाल यांचे गुलाबांवरचे इंग्रजी पुस्तक १९६६ साली निघाले होते. ते ग्रंथालयातून आणून वाचले. पुढे मिळेल ते वाचीत गेलो. त्याचे सार नातीला सांगितले तेच इथे सांगतो.

गुलाबाच्या पाकळीत काळा रंग नसतोच. लाल गुलाबात असते ते सायनिन नावाचे रंगद्रव्य. रिचर्ड विलश्टेटर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते एका निळ्या रानफुलातून वेगळे काढले, आणि मग तेच द्रव्य लाल गुलाबातही आहे, हे दाखवून दिले. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील कामाबद्दल त्याला १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे सायनिन पाकळीत थोडे असले तर फूल गुलाबी, भरपूर असले तर किरमिजी, आणि ठासून भरलेले असले तर काळसर. कोऱ्या चहाचे पाहा. पेल्यात तांबूस दिसतो तोच चहा किटलीत डोकावून पाहिला तर काळा! रंग तोच, दाटी निराळी. शिवाय या गुलाबांच्या पाकळीवर बारीक शंकूसारख्या पेशींची दाटी असते. मखमलीच्या लवेत प्रकाश बुडावा तसा तो त्यांच्यात बुडतो आणि रंग आणखी गहिरा भासतो.

न विटणारा शुद्ध किरमिजी रंग युरोपातल्या गुलाबांना लाभला तो चीनच्या गुलाबामुळे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो तिकडे पोचला आणि मग गडद फुलांसाठी जणू शर्यतच लागली. १८६५ साली फ्रान्समध्ये 'सुव्हनीर द्यु डॉक्तर जामँ' निघाला. रंग अप्रतिम, पण उन्हात करपण्याची खोड. १९३५ साली जर्मनीच्या कोर्डेस घराण्याने 'क्रिमसन ग्लोरी' काढला. १९५२ साली अमेरिकेत 'क्रायस्लर इंपीरियल' आला. होय, हे मोटारीचेच नाव! या अमेरिकन गुलाबाचा 'शार्ल मालराँ' या गर्द फ्रेंच गुलाबाशी संकर झाला आणि त्या एकाच जोडप्यापोटी तीन नामांकित भावंडे जन्मली. फ्रान्समध्ये १९६३ साली 'पापा मेयाँ', आणि अमेरिकेत १९६४ साली 'ओक्लाहोमा' व 'मिस्टर लिंकन'. 'पापा' म्हणजे आंत्वान मेयाँ. आलँ मेयाँ या नातवाने आपल्या आजोबांचे नाव फुलाला दिले. (हे वाक्य मी नातीला दोनदा वाचून दाखविले.) एकविसाव्या शतकाच्या आरंभी याच घराण्याचा 'ब्लॅक बकारा' बाजारात आला. कळी फार गर्द, टिकायला उत्तम, पण वास जवळजवळ नाहीच.

तात्पर्य, शतकानुशतके खटपट करून माणसाने लालालाच गडद केले. तुर्कस्तानात फरात नदीकाठी हल्फेती नावाचे गाव आहे. काळा गुलाब फक्त तिथेच फुलतो, अशी त्याची कीर्ती मोबाईलवर फिरत असते. तिथलाही गुलाब गर्द किरमिजीच आहे. काळेपणाची भर चित्रे फिरविणाऱ्यांची! फुलवाल्यांकडे कधी कधी खरोखर काळाकुट्ट गुलाब दिसतो. तो रंगात बुडवलेला किंवा दांड्यातून शाई पाजलेला असतो. देठ आणि पाने नीट पाहिलीत तर शाईच्या खुणा सापडतात. आणि बियांचे म्हणाल, तर आजचे गुलाब हे संकरातून आलेले. त्यांचे खरे बी पेरले तरी रोप आईबापांसारखे निघत नाही. म्हणून गुलाब वाढवायचा तो कलमानेच. बियांचे पाकीट कितीही काळे असो, ते घेऊ नये.

आता पुन्हा काष्टीला जाऊ.

पुण्यात एक निवृत्त लष्करी अधिकारी गुलाबांचे मोठे शोकीन होते. त्यांच्याकडे 'पापा मेयाँ'चे झाड आहे असे कळले. चार रविवार त्यांच्या फाटकाशी जाऊन नुसता उभा राहिलो. पाचव्या रविवारी त्यांनी आत बोलाविले, चहा दिला आणि डोळे असलेली एक काडी कापून ओल्या फडक्यात गुंडाळून हातात ठेवली. "आजच भर," एवढीच आज्ञा. १९७६ चा जानेवारी होता. तशीच गाडी पकडली. आत्याच्या गावठी गुलाबाच्या पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवर चाकूने इंग्रजी 'टी' अक्षरासारखी चीर दिली, साल हलकेच उचकटून आत डोळा सरकविला आणि केळीच्या सोपटाने बांधून टाकला. असे दोन डोळे भरले. एक काळा पडून गळाला. दुसरा तीन आठवड्यांनी फुगला. आत्याने पोस्टकार्ड पाठविले, "बाळ उघडे डोळे करून बघते आहे."

पण या बाळाचे संगोपन सोपे नव्हते. 'पापा मेयाँ' ही जात दिसायला राजबिंडी, प्रकृतीने नाजूक. पहिले फूल आले ते मे महिन्यात. काष्टीचे ऊन तुम्ही पाहिलेले नाही! फूल रुपयाएवढे, रंग विटकरी, कडा जळालेल्या. आत्या म्हणाली, "हा काळा नाही रे. करपलेला आहे. करपलेले आम्ही पुष्कळ आहोत." ती हे हसत म्हणाली, पण मला हसता आले नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात पानांवर भुरी पडली, कळ्या वाकड्या झाल्या. मग पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या. हा आपल्या काळ्या, चुनखडीच्या मातीचा नेहमीचा दोष. मातीत लोह असते, पण मुळांना ते घेता येत नाही. लष्करी गृहस्थांनी हिराकस द्यायला सांगितले. आत्याने वाण्याकडून ते आणून, अगदी थोडे पाण्यात विरघळवून मुळाशी घातले. भुरीला गंधकाची भुकटी. दुपारच्या उन्हाला आडोसा म्हणून पश्चिमेच्या बाजूला जुन्या लुगड्याचा पडदा बांधला. सकाळचे कोवळे ऊन तेवढे झाडाला मिळे. दोन वर्षे ती एवढ्या एका झाडाशी खपत होती. मी मधून मधून जाई आणि शहाणपणाच्या गोष्टी सांगून येई.

खरी किल्ली शेवटी तिलाच सापडली. गुलाब छाटल्यापासून फूल यायला किती दिवस लागतात, हे ती मास्तरांच्या जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर लिहीत असे. थंडीत पन्नास ते पंचावन्न दिवस, हा तिचा हिशेब. काष्टीची सर्वांत कडक थंडी पौषातली. तेव्हा फूल पौषात यायचे, तर छाटणी दिवाळीत नव्हे, तिच्याही नंतर करायला हवी. १९७७ च्या नोव्हेंबरात, वीस तारखेच्या सुमारास, तिने झाड छाटले. हेतू गारव्याचा होता, संक्रांतीचा होता की दोन्ही, ते तिने मला सांगितले नाही.

१४ जानेवारी १९७८. संक्रांत आणि शनिवार एकाच दिवशी आले होते. मी आदल्या रात्रीच पोचलो होतो. पहाटे आत्याने मला हलवून उठविले. "चल, बघ." बाहेर झुंजुमुंजू झाले होते. थंडीने दात वाजत होते. बाजाराला निघालेल्या बैलांच्या घुंगरांचे आवाज रस्त्यावरून येत होते. परसात त्या झाडाच्या उंच फांदीवर एकच कळी, जेमतेम दोन पाकळ्या सैल केलेली. मोगऱ्याची, तुळशीची पाने त्या अंधूक उजेडात हिरवट-राखी दिसत होती. आणि कळी काळी होती. काळसर नव्हे. काळी! संक्रांतीला बायका नेसतात त्या चंद्रकळेसारखी काळी.

याचे शास्त्रीय कारण मला फार वर्षांनी वाचायला मिळाले. पुर्किंये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने सुमारे दोनशे वर्षांपूर्वी ते नोंदवून ठेवले आहे. पहाटेच्या अंधूक प्रकाशात माणसाचा डोळा निळ्या-हिरव्या रंगांना जागा असतो, लाल रंगाला मात्र झोपलेला. म्हणून उजाडताना हिरवी पाने दिसू लागतात तरी लाल फुले काळीच राहतात. मुळातच गर्द असलेला, थंडीने अधिक गडद झालेला 'पापा मेयाँ' अशा वेळी काळाकुट्ट दिसला तर नवल नाही. पण त्या पहाटे हे मला ठाऊक नव्हते आणि ठाऊक असते तरी मी बोललो नसतो.

आत्याने कळी कापली, आत आली, कंदिलाची वात मोठी न करताच आरशासमोर उभी राहिली आणि तिने ती कळी अंबाड्यात खोचली. सोळा वर्षांनी. हात थोडे चुकले. मग माझ्याकडे पाठ करून तिने विचारले, "दिसतो का रे?"

तिचे केस एव्हाना अर्धेअधिक पांढरे झाले होते. काळे फूल त्यात लपणे शक्य नव्हते. मी म्हणालो, "छान दिसतो."

ती काही बोलली नाही. चूल पेटविली, चहा झाला, तिळाच्या वड्या झाल्या. आणि मग सूर्य वर आला. खिडकीतून ऊन थेट तिच्या पाठीवर पडले, आणि मी पाहिले तो फूल लाल झाले होते! गर्द, मखमली, पण लाल. कुणालाही लांबून दिसेल असे लाल. मी घाबरलो. सांगावे की नाही, समजेना. शेवटी सांगितले.

तिने हात मागे नेला. फुलाला स्पर्श केला. क्षणभर तो हात तिथेच राहिला. मग तिने पदर सारखा केला, पिशवी उचलली आणि म्हणाली, "चल, लेंडीखत आणायचंय. उशीर झाला तर चांगलं संपेल."

आम्ही भर बाजारातून गेलो. शेळ्यांच्या कळपांतून, बैलांच्या दावणींतून, ओळखीच्या शंभर माणसांच्या देखत. लोकांनी पाहिले. काहींनी मान वळविली. दोघीतिघी कुजबुजल्या. एक म्हातारी धनगरीण मात्र तिच्यासमोर येऊन उभी राहिली, टक लावून फुलाकडे पाहिले आणि म्हणाली, "कसला गं ह्यो गुलाब, मास्तरीणबाई? लई वास येतोय." आत्या म्हणाली, "काळा गुलाब आहे." म्हातारीने पुन्हा पाहिले. "आसंल," ती म्हणाली, आणि आपल्या मेंढ्यांकडे वळली.

त्या दिवशी जग बदलले, असे मी लिहिणार नाही. त्या संध्याकाळीही आत्याला हळदीकुंकवाचे बोलावणे आले नाही. पण पुढच्या वर्षी दोन घरांतून आले, आणि हळूहळू येतच गेले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात विधवांविषयीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले, ही बातमी वाचली तेव्हा मला हा बाजार आठवला. आत्या ती बातमी वाचायला राहिली नव्हती. तिचा ठराव तिने एकटीनेच, लेंडीखताची पिशवी हातात घेऊन केला होता.

असो. डोळे पुसून आता कामाला लागू. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा छाटणीचा हंगाम सुरू झालेला असेल. ज्यांना गर्द गुलाब हवा असेल, त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, चित्र पाहून रोप घेऊ नये. पुण्याच्या मंडळींनी डिसेंबर-जानेवारीत सोलापूर रस्त्याने सोरतापवाडी-उरुळी कांचनपर्यंत एक फेरी मारावी. दुतर्फा रोपवाटिकाच रोपवाटिका आहेत. झाडावर उमललेले फूल डोळ्यांनी पाहून तेच झाड घ्यावे. वास हवा असेल तर 'पापा मेयाँ', 'ओक्लाहोमा', 'मिस्टर लिंकन' यांची चौकशी करावी. तिघांत 'मिस्टर लिंकन' त्यातल्या त्यात काटक. नुसता रंग हवा असेल तर 'ब्लॅक बकारा'.

दुसरी गोष्ट, जागा. पूर्वेची गॅलरी उत्तम. सकाळचे पाच तास ऊन हवे, दुपारचे नको. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीशी ठेवलेला काळा गुलाब करपणारच. कुंडी निदान बारा इंचांची, तळाला भोक मोकळे. निम्मी माती, बाकी कुजलेले शेणखत वा लेंडीखत आणि थोडी वाळू. कलमाची गाठ मातीच्या वर राहू द्यावी. तिच्याखालून फूट आली तर ती रानटी समजून निर्दयपणे काढून टाकावी, नाही तर वर्षभराने 'आमचा काळा गुलाब गुलाबी कसा झाला?' असे पत्र मला येते.

तिसरी गोष्ट, छाटणी. मेलेल्या, रोगट, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. जोमदार तीन-चार फांद्या ठेवून त्या बाहेरच्या दिशेला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर तिरप्या कापाव्यात. सगळी झाडे एकाच दिवशी छाटू नका. एक आता छाटा आणि एक नोव्हेंबरच्या वीस-बावीस तारखेला. पहिले डिसेंबरात फुलेल, दुसरे संक्रांतीच्या आगेमागे, ऐन थंडीत. दोहोंच्या रंगातला फरक पाहून आत्याच्या हजेरीपटाचे महत्त्व तुम्हांला पटेल. पाणी सकाळी, मुळाशी घालावे. संध्याकाळी पाने भिजविली की रोगाला आमंत्रण दिलेच म्हणून समजा.

चौथी आणि शेवटची गोष्ट म्हणजे फूल पाहण्याची वेळ. कळी दोन पाकळ्या सैल करील तो दिवस चुकवू नका. पुरते उमललेले फूल लालच दिसते आणि जुने झाले की जांभळट होते. पहाटे, दिवा न लावता, उजाडायच्या आत तिच्यासमोर जाऊन उभे राहा. तेवढी पाच-दहा मिनिटे काळा गुलाब या जगात असतो.

आत्याचे ते झाड केव्हाच गेले. पण त्याच्यावरून भरलेला एक डोळा पुण्याला आमच्या परसात आला, त्याच्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा, आणि आज आमच्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत जे झाड उभे आहे, ते त्याच वंशातले. नातीने माठाच्या दुःखातून सावरून त्याची जबाबदारी घेतली आहे. बावीस नोव्हेंबरची तारीख तिने कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने वर्तुळ करून ठेवली आहे.

परवा तिने पुन्हा विचारले, "पण आजोबा, तो काळा येईल ना नक्की?"

मी म्हणालो, "ते तुझ्यावर आहे बेटा. पहाटे उठलीस तर काळा, उशिरा उठलीस तर लाल."

तिने थोडा विचार केला. "मग मी पहाटेपण बघीन आणि नंतर लाल झाला की केसात घालीन."

आत्याचीच नात ती!